अलेक्झांड्रिना सरोवरावरची हिरवी साय

१/ पाण्यावर तरंगणारा हिरवा थर जनावरांचा जीव घेतो, हे विज्ञानाच्या दफ्तरी १८७८ मध्ये नोंदले गेले. त्या थरातले नेमके विष कोणते, याचा उलगडा व्हायला १९८८ साल उजाडावे लागले. मधल्या एकशे दहा वर्षांत हजारो गुरे, मेंढ्या, घोडे आणि कुत्री त्याच कारणाने मेली, आणि बहुतेक वेळा दोष दुसऱ्याच कशावर तरी गेला. या विलंबाचा इतिहास सांगणारा हा थ्रेड.

२/ स्थळ दक्षिण ऑस्ट्रेलिया. मरे ही त्या खंडातील सर्वांत लांब नदी समुद्राला मिळण्याआधी एका विस्तीर्ण, उथळ सरोवरात पसरते. हा प्रदेश मूळचा न्गारिंडजेरी लोकांचा. १८३० मध्ये चार्ल्स स्टर्ट हा इंग्रज शोधप्रवासी नदीच्या प्रवाहाबरोबर होडीतून येथवर पोहोचला आणि त्याने सरोवराला ब्रिटिश राजकन्या अलेक्झांड्रिनाचे नाव दिले. हीच राजकन्या पुढे राणी व्हिक्टोरिया झाली. सहा वर्षांनी वसाहत स्थापन झाली आणि तिच्यामागोमाग मेंढ्यांचे कळप सरोवराच्या काठापर्यंत आले.

३/ २ मे १८७८ च्या ‘नेचर’ या लंडनच्या साप्ताहिकात अ‍ॅडलेडचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज फ्रान्सिस यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील एका विषारी सरोवराविषयीचे हे पत्र दोन पानांतच आटोपते. गोड्या पाण्यातील ज्या सूक्ष्मजीवांना मराठीत ‘निळे-हिरवे शेवाळ’ म्हणतात, त्यांच्यामुळे झालेल्या विषबाधेची वैज्ञानिक वाङ्मयातील पहिली नोंद म्हणून ते आज ओळखले जाते.

४/ फ्रान्सिस यांचे निरीक्षण थक्क करणारे आहे. नदीचा प्रवाह मंदावला होता, सरोवराचे पाणी नेहमीपेक्षा उबदार झाले होते. अशा पाण्यात एक सूक्ष्म वनस्पती अमाप वाढली. (तेव्हा तिला वनस्पतीच समजत.) वजनाने हलकी असल्यामुळे ती वर तरंगे आणि वारा तिला ढकलत एका काठाला नेऊन लावी. तिथे तिचा दोन ते सहा इंच जाडीचा थर साचे, रंगाने हिरव्या तैलरंगासारखा आणि दाट पेजेसारखा घट्ट. जनावर पाण्याला तोंड लावी ते नेमके तिथेच. घोड्यांना धोका अधिक, कारण घोडा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच ओढून पितो, हेही त्यांनी टिपले आहे.

५/ पुढे लक्षणे. जनावर सुस्त होते, शुद्ध हरपते, खाली कोसळते आणि झोपल्यासारखे निपचित पडून राहते. त्याला स्पर्श केला की मात्र झटके येतात, मान आणि डोके मागे ताठ ओढले जाते. मरायला लागणारा वेळ त्यांनी प्राण्यागणिक दिला आहे: मेंढी एक ते सहा-आठ तास, डुक्कर तीन-चार तास, कुत्रा चार-पाच तास, घोडा आठ ते चोवीस तास. एवढा तपशील केवळ ऐकीव गोष्टींवरून गोळा होत नाही. कुणीतरी मरणाऱ्या जनावरांजवळ घड्याळ घेऊन बसले असले पाहिजे.

६/ या पत्राचे खरे मोल मात्र पुढच्या पायरीत आहे. काठावर हिरवा थर आणि शेजारी मेलेली मेंढी एवढ्याने काही सिद्ध होत नाही. मेंढी रोगाने मेली असेल, विषारी झुडूप खाऊन मेली असेल. म्हणून एका मेंढीला सुमारे तीस औंस ताजा थर तोंडावाटे पाजण्यात आला. पंधरा तासांत ती मेली आणि तिचे शवविच्छेदन करण्यात आले. संशयित पदार्थ जनावराला प्रत्यक्ष देऊन पाहणे ही कसोटी त्या काळी कठोर होती आणि आजच्या वाचकाला ती क्रूरही वाटेल. पण सरोवराच्या काठावर आणखी किती कळप मरू द्यायचे, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

७/ या जीवाचे नाव फ्रान्सिस यांनी नोंदवले: नोड्युलॅरिया स्पुमिजेना. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘फेस निर्माण करणारी’.

८/ पत्रात आणखी एक नोंद आहे. तिचे महत्त्व त्या काळी कुणालाच कळणे शक्य नव्हते. हा थर ओला राहून कुजू लागला की आधी खवट लोण्यासारखा वास सुटतो, मग असह्य दुर्गंधी. आणि त्यातून एक निळे रंगद्रव्य पाझरते. आरपार पाहिले तर ते निळे दिसते, पण त्यावर पडून परतणाऱ्या प्रकाशात ते लाल चमकते. हे रंगद्रव्य म्हणजे फायकोसायनिन. ‘निळे-हिरवे’ या नावातला निळा रंग त्याचाच. आज जलाशयांत सोडलेली संवेदक यंत्रे या जीवांची चाहूल घेतात ती याच रंगद्रव्याच्या लाल चमकेवरून. अ‍ॅडलेडच्या रसायनशास्त्रज्ञाने साध्या डोळ्यांनी जे पाहिले, ते मोजण्याची उपकरणे पुढच्या शतकात आली.

९/ येथे थोडे थांबून या जीवांची ओळख करून घ्यावी. निळे-हिरवे शेवाळ हे खरे तर शेवाळच नव्हे. ते जीवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, यांच्याच प्रकाशसंश्लेषणामुळे. भारतीय शेतीशीही त्यांचे जुने नाते आहे. भाताच्या खाचरांत हवेतील नत्र स्थिर करण्याचे काम हेच जीव करतात, हे पी. के. डे या भारतीय संशोधकाने १९३९ मध्ये दाखवून दिले. नील-हरित शेवाळ हे जैविक खत म्हणून मराठी शेतकऱ्याच्या कानावर आहेच. त्यामुळे या कुळाला सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. विष बनवणारे त्यांतले काहीच.

१०/ पण ते तरंगतात कसे? याचे उत्तर शोधणारा प्रयोग विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत साध्या आणि देखण्या प्रयोगांपैकी एक मानावा लागेल. १८९५ मध्ये हाइन्रिख क्लेबान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने असा हिरवा थर आलेले पाणी बाटलीत काठोकाठ भरले, वर घट्ट बूच बसवले आणि बुचावर हातोडीचा घाव घातला. क्षणभर दाब वाढला, आणि आतापर्यंत वर तरंगणारे जीव तळाशी बसू लागले. याचा अर्थ त्यांच्या पेशींत वायूने भरलेल्या पोकळ्या होत्या आणि त्या दाबाने चेपल्या गेल्या होत्या.

११/ या पोकळ्यांचा जनावरांच्या मृत्यूशी थेट संबंध आहे. पाण्यात सर्वत्र विखुरलेले विष क्वचितच मारक ठरते. परंतु हे जीव शांत पाण्यात वर येतात आणि मंद वाऱ्याने एका काठाला गोळा होतात. अख्ख्या सरोवराचे विष काही हात रुंदीच्या पट्ट्यात एकवटते. समोरच्या काठावर पाणी प्यायलेले खिल्लार सुखरूप राहते आणि या काठावरचे मरते. वाऱ्याची दिशा बदलली की दुसऱ्या दिवशी उलट. पाहणाऱ्या शेतकऱ्याला यात सुसंगती सापडावी कशी?

१२/ विलंबाच्या कारणांकडे येथूनच वळता येते. फ्रान्सिस यांचे पत्र अज्ञात राहिले नव्हते. ‘नेचर’ तेव्हाही जगभर वाचले जाई. अडचण अशी होती की इतरांचे प्रयोग त्यांच्यासारखे उतरेनात. १८८२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात वॉटरव्हिल गावानजीक गुरे दगावली. जोसेफ चार्ल्स आर्थर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तेथील सरोवरांची पाहणी केली आणि संशय पाण्यावरच्या थरावर घेतला. पण त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ही शैवाले विषारी ‘समजली जातात’ अशी सावध शब्दयोजना आहे. पुढची कित्येक दशके हा विषय त्या एका शब्दापाशीच अडून राहिला.

१३/ एका वर्षी जनावरांना मारणारा थर पुढच्या वर्षी निरुपद्रवी निघे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही नमुने हुबेहूब सारखे, नाव तेच, आकार तोच. एक पाजले तर प्राणी मरे, दुसरे पाजले तर काहीही होत नसे. अशा स्थितीत प्रामाणिक शास्त्रज्ञ काय म्हणणार? विष शेवाळात नसून त्यासोबतच्या एखाद्या जीवाणूत असावे, असे काहींना वाटे. त्यात भर पडली दुसऱ्या एका रोगाची. अमेरिकेच्या पश्चिम भागातील सरोवरांवर मोठ्या संख्येने मरणाऱ्या पाणपक्ष्यांचा घातक शत्रू बॉट्युलिझमचा जीवाणू आहे, हे १९३० च्या सुमारास स्पष्ट झाले. उथळ, उबदार, कुजके पाणी दोघांनाही मानवते. मग शेवाळाची शंका घेणाऱ्याला गप्प करणे आणखी सोपे झाले.

१४/ या कोंडीला पहिला मोठा धक्का दिला दक्षिण आफ्रिकेने, आणि त्याची किंमत फार मोठी होती. १९३८ मध्ये तिथे वाल नदीवर धरण पूर्ण झाले. जिथे नदी वाहत होती तिथे उबदार, संथ पाण्याचा प्रचंड साठा तयार झाला. काही वर्षांतच त्यावर मायक्रोसिस्टिस नावाच्या सायनोबॅक्टेरियाची दाट साय धरू लागली. १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात या जलाशयाच्या काठी हजारो गुरे आणि मेंढ्या मेल्या. घोडे, खेचरे, कुत्री, ससे, कोंबड्या आणि पाणपक्षीही त्यातून सुटले नाहीत.

१५/ या मृत्यूंचा तपास ऑन्डरस्टेपूर्टच्या प्रसिद्ध पशुवैद्यकीय संस्थेतील डाउ स्टेन यांनी केला. वनस्पतिजन्य विषांचे ते जाणकार होते आणि ट्रान्सवालच्या डबक्यांवरचे असे मृत्यू ते १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून पाहत आले होते. जी जनावरे तत्काळ मरत नसत त्यांच्याकडेही त्यांनी लक्ष दिले. ती पिवळी पडत, म्हणजे त्यांना कावीळ होई. शिवाय उन्हात उभी राहिली की अंगावरची रंगहीन कातडी भाजल्यासारखी होई, सुजे आणि सोलून निघे.

१६/ हे ऊन का बाधावे? चारा पचताना त्यातील हरितद्रव्यापासून एक पदार्थ तयार होतो. निरोगी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत निकामी झाले की तो रक्तात साचतो, कातडीपर्यंत पोहोचतो आणि सूर्यप्रकाश पडताच तिथल्या पेशी जाळतो. काळ्या कातडीला रंगद्रव्याचे संरक्षण असते, पांढऱ्या ठिपक्यांना नसते. एकाच गाईच्या अंगावरचे पांढरे भाग भाजावेत आणि काळे शाबूत राहावेत, हे दृश्य पाहणाऱ्याला भानामतीसारखे वाटले तरी नवल नाही. पण पशुवैद्याला ते एकच सांगत होते: घाव यकृतावर आहे.

१७/ वाल धरणाची गोष्ट आणखी एका कारणाने महत्त्वाची. अलेक्झांड्रिनाचा थर उन्हाळ्याने आणि मंद प्रवाहाने आणला होता. या थरासाठी पाणी माणसाने अडवले होते. विसाव्या शतकात जगभर धरणे झाली, शेतात रासायनिक खते पडू लागली, शहरांचे सांडपाणी नद्यांत आले. स्फुरद आणि नत्र यांनी पोसलेले संथ पाणी म्हणजे सायनोबॅक्टेरियाचे पंचपक्वान्नांचे ताट. धरणांच्या गौरवग्रंथांत या गुरांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

१८/ कोडे सुटले ते कॅनडात. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत पॉल गोरॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात वेगळा मार्ग धरला. सरोवरातला मिश्र थर तपासत बसण्यापेक्षा त्यातून एकेक वाण वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवायचा. तेव्हा दिसून आले की एकाच प्रजातीचे काही वाण विष तयार करतात आणि काही करत नाहीत. डोळ्यांना ते एकसारखेच. थर कधी मारक आणि कधी निर्धोक का असतो, याचे उत्तर त्यात कोणत्या वाणाची सरशी झाली यावर होते. फ्रान्सिस बरोबर होते, आणि ज्यांच्या प्रयोगात प्राणी जगले तेही खोटे बोलत नव्हते.

१९/ १९५९ मध्ये या गटाने मायक्रोसिस्टिसमधील विष वेगळे काढले. प्रयोगातील उंदीर किती लवकर मरतो यावरून त्याला ‘शीघ्र मृत्यूचा घटक’ असे रोखठोक नाव मिळाले. पुढे ते मायक्रोसिस्टिन म्हणून रूढ झाले. दुसऱ्या एका सायनोबॅक्टेरियातले विष त्याहूनही चपळ निघाले, म्हणून ते ‘अतिशीघ्र मृत्यूचा घटक’ ठरले. त्याचे आजचे नाव अ‍ॅनाटॉक्सिन-ए. प्रयोगशाळेच्या वहीतली ही नावे वाचताना एक शांत भीषणता जाणवते.

२०/ दोन्ही विषांची रीत अगदी निराळी. अ‍ॅनाटॉक्सिन-ए मज्जातंतूंच्या एका संदेशवाहक रेणूचे सोंग घेते. स्नायूला ‘आकुंचन पाव’ असा हुकूम मिळतो, पण खरा संदेशवाहक काम होताच मोडला जातो तसे हे मोडले जात नाही. स्नायू थकून थांबतात, त्यांत श्वासाचेही. कुत्रे पाण्यातून बाहेर येऊन मालकापर्यंत पोहोचण्याआधी कोसळते ते यामुळे. मायक्रोसिस्टिन मात्र पित्तक्षारांसाठी असलेल्या वाटेने यकृताच्या पेशीत शिरते. ते काही अत्यावश्यक विकरांचे काम बंद पाडते हे १९९० मध्ये उमगले. पेशीचा आतला सांगाडा ढासळतो, पेशी एकमेकींपासून सुटतात, यकृतात रक्त साचत जाते आणि जनावर बाहेर एक थेंबही न सांडता रक्तस्रावाने मरते.

२१/ मायक्रोसिस्टिनची रेणुरचना १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील बोटेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. ज्या देशाने वाल धरणाकाठी एवढे पशुधन गमावले, तिथूनच हे उत्तर यावे हे उचितच. १९८८ मध्ये नोड्युलॅरियाच्या विषाची रचनाही प्रसिद्ध झाली. ते मायक्रोसिस्टिनचे जवळचे भावंड निघाले. त्याला नोड्युलॅरिन नाव मिळाले आणि अलेक्झांड्रिना सरोवरातल्या थरातही ते आढळले. फ्रान्सिस यांच्या पत्राला अखेर रासायनिक उत्तर मिळाले. विष बनवणाऱ्या जनुकांचा शोध तर त्याहूनही अलीकडचा. मायक्रोसिस्टिन बनवणारा जनुकसमूह पूर्णपणे वाचला गेला तो २००० मध्ये.

२२/ दरम्यान एक जुना उपाय उलटला होता. जलाशयात मोरचूद टाकून शेवाळ मारण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ होती. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात तेच केले गेले. विष तोवर पेशींच्या आत कोंडलेले होते; पेशी फुटल्या आणि ते पाण्यात मिसळले. काही दिवसांत बेटावरचे १४८ लोक यकृताच्या विकाराने आजारी पडले, त्यांत बहुसंख्य आदिवासी समाजातील मुले होती. पाणी वरवर स्वच्छ दिसू लागले होते तेव्हाच ते घातक झाले होते. पाणी उकळल्यानेही ही विषे नष्ट होत नाहीत.

२३/ ब्रिटनचे डोळे उघडले ते १९८९ मध्ये. उष्ण उन्हाळ्यानंतर रटलंड वॉटर या मोठ्या जलाशयाच्या काठी सुमारे वीस मेंढ्या आणि पंधरा कुत्री मेली. कुत्र्यांच्या बाबतीत पाणी पिणे हे एकच कारण नसते. पोहून आलेले कुत्रे अंगाला चिकटलेला थर चाटून साफ करते आणि मात्रा पूर्ण होते. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातच डार्लिंग नदीच्या सुमारे हजार किलोमीटर लांबीच्या पात्रात हिरवे पाणी उभे राहिले आणि न्यू साउथ वेल्स राज्याला आणीबाणी जाहीर करावी लागली. डार्लिंग ही मरेची उपनदी. तिचे पाणी अखेर अलेक्झांड्रिना सरोवराकडेच जाते.

२४/ पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा किती असावी हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये प्रथम सुचवले: एका लिटरमागे एक मायक्रोग्रॅम. ही मर्यादा माणसांसाठी. तळ्यावर पाणी पिणाऱ्या जनावराला ना नळ आहे, ना प्रयोगशाळा. विषबाधा झाल्यावर देता येईल असा खात्रीचा उतारा आजही नाही. पशुवैद्य जनावराला थरापासून दूर नेऊ शकतो, अंग धुऊ शकतो, लक्षणांवर उपचार करू शकतो. बऱ्याचदा तो पोहोचतो तेव्हा तोंडाला लागलेला हिरवा डाग एवढाच पुरावा उरलेला असतो.

२५/ २०२० मध्ये आफ्रिकेतील बोट्स्वानात ओकावांगोच्या परिसरात तीनशेहून अधिक हत्ती मेलेले आढळले. सुळे जागच्या जागी होते, त्यामुळे शिकाऱ्यांवरचा संशय टिकला नाही. त्या सप्टेंबरात तेथील सरकारने पाणवठ्यांतील सायनोबॅक्टेरियाचे विष हे कारण जाहीर केले. अनेक अभ्यासकांचे समाधान झाले नाही: नमुने थोडे होते, उशिरा घेतलेले होते, आणि त्याच पाण्यावर येणारे इतर प्राणी का मेले नाहीत, हा प्रश्न उरला होता. अधिकाऱ्यांनी मांडलेल्या पुराव्यांपैकी एक असा, की हत्तींचे मृत्यू जूनच्या अखेरीस थांबले, आणि त्याच सुमारास ती पाणथळ डबकीही आटली होती.